विंडोज राहू दे, लिनक्सही येऊ दे: जुन्या लॅपटॉपवर ड्युअल बूट कसं करायचं

माझ्या मावशीचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, एखाद्याचा कवितासंग्रह अशी कामं ती करते. तिचा लॅपटॉप २०१३ सालचा आहे: तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. तिची वीस वर्षांची कामं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरच्या फाइलींत आहेत. दुकानाचा हिशेब टॅलीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार थांबला. ज्यांनी मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं, त्यांनाही घरगुती वापरासाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ चीच आहे. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागतं, त्यामुळे तो रस्ता या यंत्राला बंद आहे.

मावशीने मला एकच प्रश्न विचारला, "माझं जुनं काम जाणार नाही ना रे?"

ते जाऊ नये म्हणून तिच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवायच्या ठरल्या. यालाच ड्युअल बूट म्हणतात: यंत्र सुरू करताना हवी ती प्रणाली निवडायची. पत्रिका आणि टॅली विंडोजमध्ये, इंटरनेटची सगळी कामं लिनक्स मिंट या मोफत लिनक्स प्रणालीमध्ये. जुन्या विंडोजने घरात बसून आपलं जुनं काम करावं, पण इंटरनेटच्या बाजारात जाऊ नये, एवढंच या मांडणीचं सूत्र आहे. पुढचा प्रत्येक निर्णय मी याच सूत्रावर घेतला आहे.

विंडोजच्या आत आभासी यंत्र (सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) करून लिनक्स का चालवलं नाही, असं काही जण विचारतील. ४ जीबी रॅममध्ये एकाच वेळी दोन प्रणाली मावत नाहीत. वाइन नावाचं साधन वापरून विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्समध्ये चालवायची, तर डोंगलवर (लायसन्ससाठी यंत्राला लावायच्या किल्लीवर) चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा त्यात भरवसा नाही. ड्युअल बूटमध्ये ज्या वेळी जी प्रणाली चालू असते, तिला सगळी रॅम आणि सगळा प्रोसेसर मिळतो. जुन्या यंत्रासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

आधी यंत्राची ओळख करून घ्या

या कामात प्रत्यक्ष लिनक्स बसवायला अर्धा तास लागतो. तयारीला मात्र एक अख्खी दुपार द्या. मी पाहिलेली बिघडलेली ड्युअल बूट जवळपास सगळीच तयारी टाळल्यामुळे बिघडलेली होती.

एक कागद घ्या आणि पुढच्या गोष्टी लिहून ठेवा.

स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. तिथे 'बायोस मोड' नावाची ओळ असते आणि तिच्यापुढे 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं अंगभूत सॉफ्टवेअर; लेगसी ही यंत्र सुरू होण्याची जुनी पद्धत, यूईएफआय नवी. सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच आहे. विंडोज ज्या पद्धतीने सुरू होतं, त्याच पद्धतीने लिनक्सही बसवायचं. एक लेगसी आणि दुसरं यूईएफआय झालं, तर दोघांना जोडणारा मेनू तयार होत नाही आणि प्रत्येक वेळी बायोसमध्ये जाऊन बदल करत बसावं लागतं. २०१२-१४ च्या काळातल्या पुष्कळ लॅपटॉपना यूईएफआय येत असलं, तरी त्यांतले अनेक आपल्याकडे विंडोजशिवाय, नुसतं डॉस घालून विकले गेले आणि दुकानदाराने त्यावर लेगसी पद्धतीने विंडोज टाकून दिलं. त्यामुळे यंत्राच्या वयावरून अंदाज बांधू नका, ओळ वाचा.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जा. '६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं दिसायला हवं. विंडोज ३२-बिट असेल पण प्रोसेसर एक्स६४ असेल, तरी मिंट चालेल. प्रोसेसरच ३२-बिटचा असेल, तर मिंटच्या २२ मालिकेचा विचार सोडून द्या.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि डिस्कवरची सगळी पार्टिशन (डिस्कचे वेगवेगळे भाग) डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने कागदावर काढा. प्रत्येकाचा आकार लिहा. 'डिस्क ०' वर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, त्यात व्हॉल्यूम्स. तिथे डिस्कच्या विभागणीची पद्धत 'एमबीआर' आहे की 'जीपीटी' ते कळतं. लेगसीबरोबर एमबीआर आणि यूईएफआयबरोबर जीपीटी, अशी जोडी सापडेल.

शेवटी डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळं 'गुड' दिसलं तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' दिसलं, म्हणजे खराब सेक्टर बदललेले किंवा बदलाच्या वाटेवर आहेत, तर त्या डिस्कवर पार्टिशनची हलवाहलव अजिबात करू नका. आधी डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला. खरं तर डिस्क ठणठणीत असली तरी माझा सल्ला तोच राहील: अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर करून घ्या. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपला याच्याइतका वेग दुसऱ्या कशानेच येत नाही. रॅम वाढवायची असेल तर डीडीआर३एल लिहिलेली पट्टी मागा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना कमी व्होल्टेजची हीच पट्टी लागते आणि तिसऱ्या पिढीतही ती चालते.

बॅकअप: इथे घाई नको

एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी आणखी कुठेतरी. दोन्ही प्रती उघडून पाहा. फोल्डरचं नाव दिसणं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि डेटा फोल्डरही वेगळं कॉपी करा. डीटीपीवाल्यांनी फॉन्ट, सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी, लायसन्सचे क्रमांक आणि प्रिंटरचे ड्रायव्हर विसरू नयेत. या वस्तू आज पुन्हा मिळवायला गेलात तर हेलपाटे पडतील.

विंडोजचं बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. एवढ्या जुन्या यंत्रावर ते सहसा नसतं, पण असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

याच वेळी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १० चा एक पेन ड्राइव्ह बनवून ठेवा. विंडोज पुन्हा टाकायचं नसलं तरी ते सुरू होईनासं झालं, तर दुरुस्तीची हत्यारं त्यातच असतात.

विंडोजला जागा करायला लावा

पहिलं काम 'फास्ट स्टार्टअप' बंद करणं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि खालची खूण काढा. यामागचं कारण समजून घ्या. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था एका फाइलमध्ये लिहून ते झोपी जातं आणि ड्राइव्ह अर्धवट उघडेच राहतात. अशा वेळी लिनक्सने त्या ड्राइव्हवर काही लिहिलं आणि नंतर विंडोज आपल्या जुन्या आठवणीसह जागं झालं, तर फाइली बिघडू शकतात. म्हणून लिनक्स असे ड्राइव्ह नुसते वाचण्यापुरते उघडतं किंवा उघडतच नाही. 'माझ्या डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

त्यानंतर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स टॅबवरून 'एरर चेकिंग' करून घ्या, डिस्क क्लीनअप चालवा आणि यंत्र एकदा रीस्टार्ट करा.

आता जागा. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण रोजच्या वापराला ४० जीबीच्या खाली जाऊ नका. ८० ते १०० जीबी दिलीत तर पुढची कित्येक वर्षं पाहावं लागणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या ड्राइव्हवर उजवी कळ दाबून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडायचं. पण कुठला ड्राइव्ह आखडायचा? यंत्र लेगसी असेल तर याच प्रश्नावर सगळं अडतं, म्हणून इथे जरा थांबू या.

एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर जास्तीत जास्त चार प्रायमरी पार्टिशन मावतात. त्याहून जास्त हवी असतील तर चारांपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' करतात आणि त्याच्या पोटात हवी तेवढी 'लॉजिकल' पार्टिशन होतात. आपल्याकडे सी, डी, ई असे ड्राइव्ह करून देण्याची दुकानदारांची पद्धत आहे. त्यात सुरुवातीला विंडोजचं स्वतःचं छोटं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' असतं. म्हणजे सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी ही तीन प्रायमरी आणि चौथ्या जागी एक्स्टेंडेड, ज्याच्या पोटात ई. चारही जागा भरल्या. आता तुम्ही सी आखडून १०० जीबी मोकळे केलेत, तर ती जागा दिसेल, पण तिथे पार्टिशन करता येणार नाही. मिंटचा इन्स्टॉलर तिला 'अनयूजेबल' म्हणतो. आखडायचा तो ई. तो एक्स्टेंडेडच्या पोटात असल्याने सुटलेली जागाही पोटातच राहते (डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती हिरवट रंगात 'फ्री स्पेस' म्हणून दिसते) आणि तिथे लिनक्सची लॉजिकल पार्टिशन होतात. लिनक्सला प्रायमरी पार्टिशनच हवं असं काही नसतं.

काही कंपन्यांच्या विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपवर कारखान्यातूनच चार प्रायमरी येत: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि कंपनीच्या तपासणी साधनांचं एक छोटं पार्टिशन. अशा यंत्रावर एक जागा रिकामी करावीच लागते. विंडोज १० टाकल्यावर विंडोज ७ च्या रिकव्हरीचा सहसा काही उपयोग राहत नाही. त्याची प्रत बाहेर काढून ठेवा आणि ते पार्टिशन काढा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काम करताना 'ही डिस्क डायनॅमिक डिस्कमध्ये बदलली जाईल' असा इशारा आला, तर 'नो' म्हणा. नेहमीच 'नो'. चार प्रायमरी भरलेल्या असताना पाचवं करायला गेलात की हा इशारा येतो. 'यस' म्हटलंत तर विंडोज खुशाल सुरू राहील, पण मिंटचा इन्स्टॉलर त्या डिस्कवर नीट काम करू शकणार नाही आणि परतीचा रस्ता फार अवघड आहे.

जीपीटी डिस्कवर यातलं काहीच नाही. सी किंवा डी, ज्यात जागा असेल तो आखडा.

सी आखडताना कधी कधी १५० जीबी मोकळे असूनही विंडोज जेमतेम १० जीबी सोडायला तयार होतं. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट ड्राइव्हच्या मध्यावर ठाण मांडून बसलेले असतात आणि विंडोज त्यांना हलवत नाही. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, आखडा आणि पेज फाइल व रिस्टोअर पुन्हा चालू करा. हायबरनेशन बंदच राहू द्या. सुटलेल्या जागेवर विंडोजमध्ये नवं पार्टिशन करू नका. ती तशीच मोकळी सोडायची.

हे सगळं करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. जुन्या बॅटरीवर विसंबून वीज जाण्याच्या वेळी पार्टिशनला हात लावू नका.

मिंटचा पेन ड्राइव्ह

लिनक्स मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी एक्सएफसीई घ्या. ती सगळ्यात हलकी आहे आणि तिची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला लगेच रुळते: डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंटची २२ मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) उतरवल्यावर तिची तपासणी कराच. रुफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल निवडल्यावर शेजारीच चेकसम (फाइलची ओळख पटवणारा आकडा) काढायचं छोटं बटण असतं. त्यातला एसएचए-२५६ आकडा मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. मोबाइलच्या इंटरनेटवर उतरवलेली मोठी फाइल अर्धवट निघण्याची शक्यता असते आणि तो दोष मग इन्स्टॉलेशनच्या मध्यावर विचित्र चुकांच्या रूपात बाहेर येतो.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम 'एमबीआर' ठेवा म्हणजे तो पेन ड्राइव्ह दोन्ही पद्धतींनी सुरू होतो. आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर आधी आयएसओ निवडा. पेन ड्राइव्ह सुरूच झाला नाही तर डीडीने पुन्हा बनवा.

बसवण्याआधी चालवून बघा

यंत्र चालू होताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसूसवर एस्केप किंवा एफ८. एसरवर एफ१२ चालते, पण आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन 'एफ१२ बूट मेनू' चालू करावा लागतो.

मेनूत पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसेल, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा 'यूईएफआय' हा शब्द पुढे लागून. कागदावर काय लिहिलंय ते पाहा. लेगसी असेल तर पहिला, यूईएफआय असेल तर दुसरा. पडदा काळा राहिला तर पुन्हा सुरू करून मिंटच्या मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या.

डेस्कटॉप आला की लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. अर्धा तास तसंच वापरा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, कॅमेरा चालतो का. यात काही अडलं तर बसवण्याआधीच कळतं. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असेल तर वाय-फाय दिसणार नाही, असं बऱ्याचदा होतं. घाबरू नका, मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, इंटरनेट मिळेल. ड्रायव्हर नंतर बसवता येतो.

मिंटला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' आहे का बघा. तो 'एएचसीआय' करावा लागतो, पण थेट केलात तर विंडोज निळा पडदा दाखवेल. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडून बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'ला खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, ती खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन

डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' उघडा. मल्टीमीडिया कोडेकला (गाणी आणि व्हिडिओ चालवायला ते लागतात) खूण करा. मग कुठे बसवायचं हा प्रश्न येतो.

'इन्स्टॉल अलाँगसाइड' हा पर्याय सोपा आहे आणि जीपीटीवर एकच मोठा सी असेल तर तो चालेल. पण सी, डी, ई असलेल्या डिस्कवर इन्स्टॉलर स्वतःच ठरवतो कुणाला आखडायचं, आणि ते मला मान्य नाही. मी 'समथिंग एल्स' निवडतो. त्यात चार पावलं आहेत, पण काय होतंय ते डोळ्यांसमोर राहतं.

१. यादीत आपला कागद शोधा. हार्ड डिस्क सहसा 'एसडीए' असते आणि पेन ड्राइव्ह 'एसडीबी', पण नावावर जाऊ नका, आकार पाहा. विंडोजची पार्टिशन 'एनटीएफएस' लिहिलेली दिसतील. त्यांच्यापुढच्या 'फॉरमॅट'च्या चौकटीत चुकूनही खूण पडू देऊ नका.

२. मोकळ्या जागेवर टिचकी मारून अधिकचं चिन्ह दाबा. लेगसी यंत्रावर 'लॉजिकल' निवडा. 'यूज ॲज'मध्ये 'एक्स्ट४' (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) आणि 'माउंट पॉइंट'मध्ये नुसती तिरकी रेघ. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन केलं नाही तर मिंट स्वॅप फाइल बनवून घेतं, तेवढं पुरतं. होमचं (तुमच्या स्वतःच्या फाइलींच्या जागेचं) वेगळं पार्टिशन करायची शिफारस अनेक जण करतात. ८० जीबीत तिचा फायदा कमी आणि एका बाजूची जागा संपून दुसरीकडे पडून राहण्याचा त्रास जास्त, असं माझं मत आहे.

३. यूईएफआय यंत्रावर साधारण १०० एमबीचं 'ईएफआय' पार्टिशन आधीच असतं. तेच विंडोज आणि मिंट दोघं वापरतात. ते फॉरमॅट करायचं नाही.

४. खाली 'डिव्हाइस फॉर बूट लोडर' असतं. लेगसीत तिथे पूर्ण डिस्क, म्हणजे आकडा नसलेलं 'एसडीए' निवडा. 'एसडीए१' निवडलंत तर ग्रब (प्रणाली निवडायचा मेनू दाखवणारा लिनक्सचा बूट लोडर) पहिल्या पार्टिशनच्या, म्हणजे विंडोजच्या जागेत घुसेल.

'इन्स्टॉल नाउ' दाबल्यावर काय काय बदलणार याची यादी येते. ती वाचा. त्यात फक्त तुमचं नवं एक्स्ट४ पार्टिशन फॉरमॅट होणार असं दिसलं पाहिजे. दुसरं काहीही दिसलं तर मागे या; इथपर्यंत डिस्कवर काही लिहिलेलं नसतं. पुढे टाइम झोन कोलकाता, नाव आणि पासवर्ड. फिरत्या डिस्कवर अर्ध्या तासात काम होतं.

पहिल्यांदा सुरू करताना

रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा काळा मेनू येईल. सगळ्यात वर लिनक्स मिंट, खाली कुठेतरी विंडोज. आधी विंडोज उघडून बघा, मग मिंट.

मेनूत विंडोज नसेल तर मिंटमध्ये टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडून 'सुडो', एक जागा, 'अपडेट-ग्रब' असं छोट्या रोमन अक्षरांत लिहा. तो डिस्क चाळून विंडोज शोधतो आणि यादीत घालतो. उलट मेनूच न येता यंत्र सरळ विंडोजमध्ये गेलं, तर यूईएफआयच्या बूट क्रमात 'उबंटू' नावाची नोंद शोधून ती वर न्या. मिंटची नोंद त्याच नावाने असते, आणि ती ओळखू न आल्याने अनेक जण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. तरीही जमलं नाही तर मिंटच्या पेन ड्राइव्हवर 'बूट रिपेअर' आहे. तो चालवताना नेट जोडलेलं असू द्या.

दुसरी हमखास दिसणारी गोष्ट घड्याळाची. मिंट वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं सापडू शकतं. सकाळचे दहा वाजलेत आणि विंडोज म्हणतंय पहाटेचे साडेचार. यंत्रातल्या घड्याळात जी वेळ आहे ती विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स जागतिक. आपल्या दोन्ही वेळांतलं अंतर नेमकं साडेपाच तासांचं. टॅलीवाल्यांनी हे सोडून देऊ नये, कारण पहाटे साडेपाचच्या आत काम केलंत तर तारीखच आदल्या दिवसाची लागेल. उपाय एका ओळीचा आहे. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल', जागा, 'सेट-लोकल-आरटीसी', जागा, '१' असं रोमनमध्ये लिहा. मग मिंटही स्थानिक वेळ धरून चालतं.

पण घड्याळ साडेपाच तासांऐवजी थेट काही वर्षं मागे जात असेल, तर दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा आहे. बहुतेक यंत्रांत तो सीआर२०३२ असतो. बारा वर्षांत तो संपतोच. तो संपला की काही यंत्रांत बायोसच्या सेटिंग्जही मूळपदावर येतात, लेगसीचं यूईएफआय होतं, एएचसीआयचं रेड होतं आणि काल चालणारं ड्युअल बूट आज सुरूच होत नाही. सेल बदला आणि कागद बघून सेटिंग्ज परत लावा. तो कागद म्हणूनच फेकायचा नसतो. मी लॅपटॉपच्या पिशवीत ठेवतो.

मिंट कामाला लावणं

अपडेट मॅनेजर चालवा. ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमचं वाय-फाय तिथूनच सुरू होतं. टाइमशिफ्टमध्ये आठवड्याची एक प्रत लावा. ती फक्त प्रणालीची असते, तुमच्या फाइलींची नाही.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट टॅबवर भारतीय लेआउटच्या यादीत जा. 'मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' आणि 'मराठी कागप फोनेटिक' असे दोन मराठी पर्याय आहेत. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळ-मांडणी) येत असेल तर तेच घ्या. रोमन कळांच्या उच्चाराने लिहायची सवय असेल तर कागप.

श्रीलिपीतली किंवा शिवाजी फॉन्टमधली जुनी फाइल मिंटमध्ये उघडलीत तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कल्ला दिसेल. फाइल बिघडलेली नाही. ते फॉन्ट युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांवर चालत नाहीत आणि फॉन्टशिवाय त्या अक्षरांना अर्थ नाही. चुकूनही मिंटमध्ये सेव्ह करू नका. ते काम विंडोजचं.

दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवा. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये तो डावीकडे दिसतो. मिंटमधून सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरला हात लावू नका. तिथे विंडोजचा पासवर्ड तुम्हाला अडवणार नाही.

आता सूत्राचं दुसरं टोक. विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडून वाय-फाय आणि लॅन दोन्ही 'डिसेबल' करा. मावशीच्या दुकानात काम असं चालतं: टॅलीतून जीएसटी विवरणपत्राची फाइल डीवर निर्यात करायची, रीस्टार्ट करून मिंटमध्ये यायचं आणि फायरफॉक्समधून पोर्टलवर चढवायची. गिऱ्हाइकाने ईमेलने पाठवलेला मजकूर मिंटमध्ये उतरवून डीवर ठेवायचा आणि विंडोजमध्ये घ्यायचा. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनसारखं एखादं काम विंडोजमध्ये नेट लागल्याशिवाय होत नसेल, तर तेवढ्यापुरतं नेट चालू करा आणि लगेच बंद करा. यात आणखी एक फायदा पदरात पडतो: विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रम बदलल्याची जी तक्रार ड्युअल बूटवाले करतात, ती इथे उद्भवत नाही. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्हही आधी मिंटमध्येच उघडा आणि लागतील तेवढ्याच फाइली डीवर घ्या.

रोज कोणती प्रणाली आपोआप सुरू व्हावी हे ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ठरवता येतं. मावशीकडे मी मिंट पहिलं ठेवलं आणि मेनूला दहा सेकंद दिले, म्हणजे चष्मा लावून विंडोज निवडायला तिला वेळ मिळतो.

कधी मिंट काढायचं झालं तर

आधी मिंटची पार्टिशन पुसू नका. लेगसी यंत्रावर ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला आणि बाकीचा मिंटच्या पार्टिशनमध्ये असतो. पार्टिशन गेलं की यंत्र 'ग्रब रेस्क्यू' एवढंच लिहून उभं राहतं आणि विंडोज जागेवर असूनही उघडत नाही. म्हणून आधी विंडोजच्या त्या पेन ड्राइव्हने यंत्र सुरू करा, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर'मधून कमांड प्रॉम्प्ट घ्या आणि 'बूटरेक', जागा, तिरकी रेघ, 'फिक्सएमबीआर' असं रोमनमध्ये लिहा. विंडोज थेट सुरू होतं याची खात्री झाली की मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये मिंटचं पार्टिशन काढा आणि ई पुन्हा वाढवा. यूईएफआय यंत्रावर बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' वर नेला की झालं. पार्टिशन नंतर सवडीने काढता येतं.